पहिलं बसणं

खुर्चीत माझ्याआधी कुणीतरी बसलं होतं. पाठ टेकायच्या आधीच मला ते कळलं. नव्या गादीला एक ताठा असतो. पहिल्यांदा बसणाऱ्याला ती आधी वर लोटते, मग कुरकुरत, नाइलाजाने जागा देते. ही गादी तर मीच भरलेली. खालचे पट्टे मी ताणलेले, स्प्रिंगा मी बांधलेल्या, वरचं तागाचं कापड, काथ्या, कापूस, गडद हिरवी मखमल, सगळं माझ्या हातचं. तिने माझ्याशी तरी थोडी हुज्जत घालायला हवी होती. ती मुकाट खाली गेली, आणि डावीकडे जरा जास्तच गेली. समोर फोटोवाला दिव्यांच्या छत्र्या सरकवत होता, दुकानाची मालकीण "ताई, अगदी सहज बसा, घरी बसल्यासारखं" म्हणत होती, आणि मी त्या काचेच्या भल्यामोठ्या दुकानात, पाहुणे यायच्या आधीच्या गडबडीत, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून गादी आणि खुर्चीचा हात यांच्यामधल्या फटीत बोटं घातली. सवय आहे ती. जुन्या सोफ्यांच्या फटींतून मी आजवर काय काय काढलंय. नव्या खुर्चीच्या फटीत मात्र माझाच कचरा सापडतो, दोऱ्याची टोकं, कापसाचा भुगा. ही फट स्वच्छ होती. कुणीतरी निगुतीने साफ केली होती. आमच्या कारखान्यात इतक्या निगुतीचा एकच माणूस आहे, आणि तो साफसफाईला लागतो ते काही लपवायचं असलं तरच.

कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली. अर्ध्या भागात नवऱ्याचं लाकूड, अर्ध्यात माझं गादीकाम, मध्ये भुसा अडवायला लावलेला आणि आजवर चिमूटभरही भुसा न अडवलेला पडदा. मी त्याला मिस्त्री म्हणते, तो मला गादीवाली म्हणतो. त्याचा एक हट्ट आहे: खुर्ची करायची ती कुणातरी एका माणसाच्या मापाने. गिऱ्हाईक घरचं असो की मोठं दुकान असो, सांगाडा उभा राहतो तो कुणाच्या तरी खऱ्या पाठीवरून, खऱ्या मांडीवरून. हवेचं माप घेऊन खुर्ची होत नाही, असं तो ऐकवत असतो. आणि ज्याचं माप, त्याचं पहिलं बसणं. खुर्ची पुरी झाली की आधी त्या माणसाने बसायचं. तोवर आम्ही दोघं तीवर टेकतसुद्धा नाही. मी गुडघ्याने दाबते, तळहाताने चाचपते, पण बसत नाही. लग्न झाल्यावर त्याने केलेली पहिली खुर्ची माझ्या मापाची होती. सरसाच्या वासाने भरलेल्या खोलीत त्याने मला हाताला धरून तीवर बसवलं आणि स्वतः समोर उकिडवा बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तिथूनच हा नियम सुरू झाला असावा. आम्ही दोघंही फारसं काही पाळणाऱ्यांतले नाही, पण हे पाळलं. लोक हसतात. हसोत बापडे.

या खुर्चीला मात्र कुणाचंच माप नाही, असं त्याने मला सांगितलं होतं. जुन्या फर्निचरच्या एका जाडजूड पुस्तकात त्याला एक चित्र सापडलं होतं: दोनएकशे वर्षांपूर्वी मोठ्या घरांतून शेकोटीपाशी ठेवायची झोपायची खुर्ची. पाठ उंच आणि मागे कललेली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेले दोन कान. म्हणजे बसल्या बसल्या डोळा लागला, मान कलंडली, तर ती धरायला. तशीच आजच्या घराला शोभेल अशी करायची, पाय बारीक, अंग हलकं. दुकानाच्या मालकिणीला कागदावरचं चित्र बघूनच ती आवडली, आणि आज पाहुणे बोलावून ती दुकानात मांडायचं ठरलं. "माप त्या पुस्तकातलंच घेतलंय," मिस्त्री म्हणाला. "बसणारा केव्हाच मातीत गेला. त्यामुळे पहिल्या बसण्याची भानगड नाही." मी हसले होते. पण त्याने पुठ्ठ्याचे साचे माझ्यापुढे टाकले तेव्हा मी त्याच्याशी भांडलेही होते. डावा कान उजव्यापेक्षा पुढे, डावा हात उजव्याहून रुंद आणि खाली, बैठकीलाही डावीकडे उतार. "ही खुर्ची आहे की घसरगुंडी? लोक म्हणतील गादीवालीचे डोळे गेले." त्याने शांतपणे सांगितलं की शेकोटी एका बाजूला असायची, माणूस उबेकडे झुकायचा, वर्षानुवर्षं झुकून झुकून लाकडानेही ते अंगी लावून घेतलं, आणि त्या वाकडेपणातच तिची सगळी गंमत आहे. मला ते इतकं आवडलं की मी त्या मेलेल्या माणसाच्या जरा प्रेमातच पडले. डावीकडचा कापूस मी मशीनचा घेतला नाही, हाताने पिंजून घातला. "तिथे मऊ हवं, हाडं टोचू नयेत," मिस्त्री म्हणाला. "कुणाची रे हाडं?" मी विचारलं. "दोनशे वर्षांपूर्वीची," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं पडद्याच्या दोन बाजूंना खदखदून हसलो. ते हसणं आता आठवलं आणि माझे कान गरम झाले.

"ताई, जरा मान सैल सोडा," फोटोवाला म्हणाला. मी सोडली. मान डावीकडे गेली आणि त्या पुढे आलेल्या कानात जाऊन अलगद टेकली. कोपर रुंद हातावर सरकलं, कंबर उतारावरून घसरून कोपऱ्यात गेली, आणि पोट आणि डावा हात यांच्यामध्ये एक जागा तयार झाली. रिकामी. एखादं लहान मूल गुडघे मुडपून मावेल एवढी. मला ती जागा माहीत होती. बाहेरून नाही, आतून. तिथे नाक कुठे येतं, कानाला कुणाच्या पोटातली गुडगुड ऐकू येते, पायांची बोटं कुठे अडकवायची असतात, हे मला माहीत होतं. माझी आई अशी बसायची. डावा पाय अंगाखाली घेऊन, सगळा भार डाव्या कोपरावर टाकून, डोकं कशाला तरी टेकवून. नीट बसणं तिला कधी जमलंच नाही. मावशी म्हणायची, हिला खुर्चीत ठेवली तरी ही गाठोडं होऊन बसते. दुपारी ती तशी बसली की मी त्या खळग्यात शिरायची. ती मला ओढून घ्यायची नाही, लोटायचीही नाही. नुसता हात वर उचलायची, मी आत गेले की खाली ठेवायची. मी त्या हाताखालून जग बघितलेलं आहे: खिडकीचा खालचा भाग, टेबलाचे पाय, दारातून आत येणाऱ्यांच्या चपला. इतकी वर्षं मी ते सगळं एखादी खोली बंद करावी तसं बंद करून टाकलं होतं, आणि आता एका दुकानात, दोन दिव्यांच्या उजेडात, माझं अंग मला न विचारता त्या खोलीत जाऊन बसलं होतं. मला इतकं बरं वाटलं की रडूच येईल असं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा मला भयंकर राग आला.

ती गेली त्या दिवशी सकाळी तिने माझी वेणी घाईघाईत, सैल घातली होती. शाळेला उशीर झाला होता. "आता अशीच जा, संध्याकाळी नीट घालते," म्हणाली. संध्याकाळी घरात मावशी होती. आई दुसरा संसार थाटायला गेली होती. कुणाबरोबर, कुठे, ते मला पुढे तुकड्यातुकड्याने कळलं, आणि कळून काही फरक पडला नाही. ती वेणी मी सोडू दिली नाही. मावशी फणी घेऊन मागे लागायची, मी पळायची. केसांचा नुसता गुंता झाला, शेवटी मावशीने रडत रडत तो कात्रीने कापला. लग्नाआधी मी मिस्त्रीला हे सगळं सांगितलं होतं, आणि एकच अट घातली होती: त्या बाईचं नाव आपल्या घरात निघता कामा नये. "नाही निघणार," तो म्हणाला होता. शब्दाचा पक्का माणूस. नाव त्याने खरोखरच कधी काढलं नाही. नुसती तिच्यासाठी खुर्ची केली, आणि मला हाताशी धरून केली.

कारण आता सगळं एकामागून एक जुळत चाललं होतं, आणि मला नको असतानाही जुळत होतं. दर गुरुवारची वखारीची खेप. वखारीतून आलेल्या माणसाच्या अंगाला लाकडाचा वास येतो. त्याच्या अंगाला साबणाचा यायचा. मला तो वास आला नव्हता असं नाही. एकदोनदा मनात आलंही होतं, जे कुठल्याही बायकोच्या मनात येईल ते, आणि मी स्वतःशीच म्हटलं होतं, या भुशाने माखलेल्या माणसाला कोण बाई घरात घेणार! बाईच होती. आता वाटलं, दुसरी कुणी असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं, चार लोकांत तोंड वर करून सांगता आलं असतं. मग गेल्या आठवड्यात खुर्ची पुरी झाल्यावर तिच्या पायांना पुन्हा एकदा पॉलिशचा हात मारायचा म्हणून तो ती घेऊन गेला, ती परस्पर आज सकाळी इथे आली. पायांकडे मी आता वाकून बघितलं. पॉलिश तेच होतं, माझ्या समोर केलेलं.

तो पलीकडे मालकिणीला आणि लवकर आलेल्या दोनतीन पाहुण्यांना शेकोटीची गोष्ट सांगत होता. उबेकडे झुकणारा माणूस, अंगी लावून घेणारं लाकूड. चांगली सांगतो तो. मलाही अशीच सांगितली होती.

"मिस्त्री," मी हाक मारली. "पहिलं कोण बसलं?"

पाहुण्यांना त्यात काही कळण्यासारखं नव्हतं. तो मात्र वाक्याच्या मध्येच थांबला. मग काहीतरी पुटपुटून इकडे आला आणि खुर्चीचा पाय तपासतोय असं दाखवत माझ्यासमोर उकिडवा बसला. फोटोवाला दिव्याची वायर सोडवत होता.

"कोण बसणार? दुकानातलं कुणी टेकलं असेल."

"टेकलं नाही. कुणीतरी दिवसच्या दिवस बसलंय. माझी गादी मला कळत नाही का?"

त्याने खुर्चीच्या पायावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग खालीच बघत म्हणाला, "ती बसली नाही गं. आपणहून बसताच येत नाही तिला. उचलून बसवली."

म्हणजे त्याने तिला उचललं होतं. या हातांनी. त्याच हातांनी संध्याकाळी घरी येऊन माझ्या ताटात वाढलं होतं. मी काही विचारलं नाही; विचारलं तर ती माझी कुणीतरी आहे असं ठरलं असतं. तरी तो सांगत गेला, हळू आवाजात, घाईघाईने, पुन्हा बोलायला मिळणार नाही अशा भीतीने. ती ज्याच्याबरोबर गेली होती तो माणूस केव्हाच वारला. ती एकटीच असते, शेजारचे येऊन-जाऊन बघतात. आडवं झालं की छातीत श्वास अडतो, त्यामुळे पलंगावर उशांचा ढीग लावून बसल्या बसल्या रात्र काढते, आणि उशा सरकल्या की दचकून उठते. मावशीला कळलं. मावशीने त्याला सांगितलं.

"म्हणजे मावशीपण."

"तिची बहीण आहे ती."

"आणि मी?"

दारातून दोन बायका आत आल्या, मालकीण त्यांना सामोरी गेली, त्यांच्या बोलण्याचा आवाज काचांवर आपटून परत आला.

"मला विचारायचं होतंस," मी म्हटलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"म्हणून नाही विचारलं."

त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मला हातातली पर्स त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. नाही म्हणायचा अधिकार एवढं एकच तर माझ्याजवळ होतं. आई गेली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. ती परत आली तेव्हाही नाही. त्याने माझं 'नाही' परस्पर काढून घेतलं आणि वर माझ्याकडूनच मखमलीत शिवून घेतलं. कापूस पिंजताना मी गुणगुणत होते. टाके बारीक घेतले होते, आतल्या बाजूचे, जे कुणाला दिसतही नाहीत. त्या बाईसाठी मी एक टाका घातला नसता, आणि तिच्या पाठीखाली माझे सगळ्यांत चांगले टाके होते.

"आणि माप?" मी म्हटलं. "तिच्या अंगाला फीत लावताना तुला काही वाटलं नाही?"

"तिचं नाही घेतलं."

"खोटं बोलू नकोस. ही ती आहे. मला कळत नाही? ही अख्खी ती आहे."

"तिने घेऊच दिलं नाही. फीत काढली की भिंतीकडे तोंड फिरवायची. म्हणायची, माझ्यासाठी काही करायचं नाही, तिला कळलं तर तुझं घर मोडेल." त्याने मान वर केली. "माप तुझं आहे."

"माझं? कधी?"

"काम संपलं की तू बाकावर बसतेस ना, डोळे मिटून. पहिल्यांदा तिच्या घरी गेलो आणि तिला पलंगावर बघितलं, तर मला वाटलं तूच बसलीयस. तोच पाय खाली, तेच कोपर. तशीच मान. मग एकदा तुझा डोळा लागला होता तेव्हा घेतलं. कागद लावून, हळूच. तू जागी नाही झालीस." त्याचा आवाज बारीक झाला. "तिला बरोबर बसलं. कुठेच काही बदलावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत झोपली ती."

मी खाली बघितलं. माझा डावा पाय माझ्या अंगाखाली होता. चप्पल जमिनीवर एकटीच पडली होती. पाय कधी वर घेतला मला आठवेना. हाक मारायच्या आधी, की नंतर, की बसल्या बसल्याच. मी तो ओढून काढला, दोन्ही पावलं जमिनीला लावली, पाहुण्यांत बसतात तशी सरळ बसले. खुर्ची मला तसं बसू देईना. तिचा सगळा कल एकाच बाजूला होता, आणि तो माझाच कल होता. मी समजत होते की आईचं माझ्याकडे काहीही उरलेलं नाही. जे होतं ते मावशीच्या कात्रीने गेलं. आणि ही बाई माझ्या कमरेत, माझ्या कोपरात निवांत बसून राहिलेली, रोज संध्याकाळी, माझ्याच नवऱ्याच्या डोळ्यांसमोर. सगळ्यांना दिसत होती. मलाच कुणी सांगितलं नव्हतं.

"झोपलेल्या माणसाचं माप घेतोस," एवढंच मला बोलता आलं.

"चुकलं."

"चुकलं म्हणजे पायाचं माप चुकतं तसं नाही हे."

"माहीत आहे."

मग मला जे विचारायचं नव्हतं तेच तोंडून गेलं. "खुर्ची इथे आहे. मग ती आज कशात आहे?"

"पलंगावर. उशा लावून आलोय." त्याने मालकिणीकडे एकदा बघितलं. "दुसरी करायची होती. वेळेत झाली नाही."

"तिला काय सांगून आणलीस?"

"संध्याकाळी परत आणतो म्हणालो."

खुर्ची महिनाभर दुकानाच्या दर्शनी काचेत राहणार होती. तसं ठरलेलं होतं, मला माहीत होतं, त्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त त्या पलंगावरच्या बाईला. ती दाराकडे कान लावून बसली असणार. उजेड कमी होतोय का ते खिडकीच्या खालच्या भागातून बघत असणार. मला वाटलं, बसू दे. कळू दे एकदा. संध्याकाळ कशी होते आणि झाल्यावर घरात दुसरंच कुणी कसं उभं असतं, हे तिला एकदा कळायलाच हवं. इतक्या वर्षांत याच्याइतका न्याय माझ्या वाट्याला आला नव्हता, आणि तो आपणहून चालून आला होता, मला फक्त उठून बाजूला व्हायचं होतं. मी तो न्याय मनात धरून बघितला. तो सैल वेणीसारखा मानेवर लोंबत राहिला. नकोसा झाला.

मी उठले. चप्पल पायात घातली आणि मालकिणीला हाक मारून म्हटलं, "बाई, ही खुर्ची आज लावता येणार नाही. गादी बसलीय."

"अहो ताई, पाहुणे आलेत! असं काय करताय?"

"डावीकडे बघा हात लावून. नव्या खुर्चीची गादी अशी असते का? माझ्या नावाने मी ही ठेवू देणार नाही. दुसरी करून देऊ. तोवर चित्र लावा काचेत."

ती मिस्त्रीकडे बघायला लागली. मिस्त्री माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायला लागलं होतं, ते मी तिथल्या तिथे विझवलं.

"खूश होऊ नकोस. संध्याकाळ म्हणालायस ना, तर संध्याकाळच्या आत पोचव. मी येणार नाही. आणि घरी आल्यावर माझ्याशी बोलायला येऊ नकोस, मी आपणहून बोलेपर्यंत. किती दिवस ते मला विचारू नकोस."

"बरं."

"आणि तिथे जाऊन माझं काही सांगायचं नाही. मी पाठवली म्हणून सांगायचं नाही."

"तिने विचारलं होतं, गादी कुणी भरली म्हणून," तो म्हणाला. "मी सांगितलं. मग ती बराच वेळ हात नुसता फिरवत राहिली, शिवणीवरून."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्याने टेम्पोवाल्याला हाक मारली. खुर्ची बाहेर पाठवण्याआधी तिच्यावर पडलेला खोलगा मी दोन्ही हातांनी थापून काढते. बसणाऱ्याला ती कोरी मिळाली पाहिजे, तो माझ्या कामाचा भाग आहे. मी वाकले. मखमल अजून गरम होती. डाव्या कोपऱ्यात खळगा होता, एकच. त्यातला तिचा कुठला आणि आत्ताचा माझा कुठला, ते मला हाताने चाचपूनही कळेना.

"थापत नाहीस?" मिस्त्रीने पाठीची बाजू धरत विचारलं.

"तू उचल."

त्यांनी ती उचलली, तिरकी करून काचेच्या दारातून बाहेर काढली, आणि मी तिथेच, चार पायांचे ठसे उमटलेल्या गालिच्यासमोर उभी राहिले. संध्याकाळी तो तिला उचलून तीत ठेवेल. मधल्या वेळात कुणीतरी बसून गेलंय, हे तिला पाठ टेकायच्या आधीच कळेल. कळू दे.